गाणं हवंय, गाणारा नको

गेल्या वर्षीचा एक मे. सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडला. भगवा फेटा, मागे गिरणीची चिमणी आणि खाली 'महाराष्ट्र दिनाच्या व कामगार दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. त्यामागून शाहीर साबळ्यांच्या आवाजातलं राज्यगीत आलं. मग अमर शेखांचा फोटो. मग कोणीतरी अण्णाभाऊ साठ्यांवरचा लांबलचक फॉरवर्ड टाकला, त्याला एकोणीस जणांनी हात जोडले.

रात्री पावणेनऊला त्याच ग्रुपवर चौदाव्या मजल्यावरून मेसेज आला. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये कामगार ढोलक वाजवून गात होते. 'कोणीतरी साइटवाल्यांना फोन करा प्लीज. ही काय लेबर कॉलनी आहे का?'

अकरा अंगठे. पाच मिनिटांत फोन झाला, दहा मिनिटांत ढोलक थांबला.

मी अंगठा दिला नाही, पण काही लिहिलंही नाही. हा लेख म्हणजे तेव्हा न टाइपलेला मेसेज आहे. जरा लांबलाय.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. ही काय लेबर कॉलनी आहे का? हो काका, आहे. निदान होती. आपण परळला राहतो. आपली बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे चाळ होती आणि त्या चाळीत तुमचे वडील आणि माझे आजोबा सार्वजनिक नळाला रांग लावून उभे राहायचे. आपण पुनर्विकासातल्या पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. विक्रीचा टॉवर वेगळा, त्याचं गेट वेगळं. त्या गेटातून आपल्याकडे बघणारे लोक आपल्याबद्दल नेमकं हेच म्हणतात, हेही तुम्हाला माहीत आहे.

दहा बाय बाराची कलाशाळा

माझे आजोबा संगमेश्वराकडचे. मुंबईत आले ते कोणाच्या घरी नाही, तर गावकीच्या खोलीत. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा कोकणातले, त्यांना ही भानगड माहीत असेल. गावातल्या लोकांनी मिळून भाड्यानं घेतलेली एक खोली. दहा बाय बाराच्या त्या जागेत वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीतला एक खिळा. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची सुरू व्हायची, त्यामुळे अंथरूण रिकामं असं राहायचंच नाही. जेवण खानावळीत. महिन्याची वर्गणी, गावच्या देवाची तसबीर, आणि माळ्यावर टाळ, मृदंग, घुंगरं.

आजोबा जाखडीत गायचे. शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन बाजू, एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. त्यांची एक वही आमच्याकडे आहे. गिरणीच्या हजेरीच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेली, सुतळीनं शिवलेली. पुराणातल्या कोड्यांच्या मधेच जॉबरची टिंगल आहे, महागाई आहे, घरी पाठवायच्या मनीऑर्डरचा हिशेबही आहे. हे साहित्य आहे की नाही यावर मला वाद घालायचा नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की दिवसाला आठ तास यंत्रासमोर उभं राहिलेला माणूस रात्री हे लिहीत कसा होता?

आपल्याला आवडणारं उत्तर असं, की 'ती माणसंच वेगळी होती'. साफ चूक. माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती. जागा वेगळी होती.

गिरणगाव म्हणजे नुसत्या गिरण्या नव्हेत. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीची स्थापना केली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं परळ, लालबाग, वरळी, नायगाव, शिवडी, भायखळा या पट्ट्यात रत्नागिरी, सातारा, सांगली, सोलापूर, नगर, नाशिक इथून माणसं येत राहिली. शिवाय तेलंगणातले पद्मशाली विणकर आले आणि उत्तर प्रदेशातलेही हजारो आले. यातलं कोणीही 'मुंबईचं' नव्हतं, आणि आज आपण ज्याला अभिमानानं मुंबईची मराठी संस्कृती म्हणतो, तिचा फार मोठा भाग या बाहेरून आलेल्यांनीच बनवला.

नावं घ्या. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. १९४४ साली या दोघांनी द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. त्यांच्या आवाजानं घराघरांत पोचलेलं गीत २०२३ साली राज्यगीत झालं. वामनदादा कर्डक नाशिककडचे, गिरणीत लागले, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, आणि पुढे आंबेडकरी गाण्याची एक पिढी त्यांच्यामागून चालली. नारायण सुर्व्यांना तर गावच नव्हतं. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलेलं ते पोर. १९६२ साली त्याचा पहिला संग्रह आला आणि १९९५ साली ते पोर परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष झालं.

आपण या सगळ्यांच्या जयंत्या करतो. पण एक गोष्ट सोयीस्कर विसरतो: ही सगळी माणसं त्यांच्या तरुणपणी कोणाच्या ना कोणाच्या तरी लेखी 'बाहेरून आलेली गर्दी' होती. 'घाटी' हा शब्द या शहरात शिवीसारखा वापरला गेलाय, आणि तो परप्रांतीयांसाठी काढलेला नव्हता. तो तुमच्या-माझ्या आजोबांसाठी होता.

विरह सगळ्यांचा सारखाच

एक मेच्या त्या रात्रीनंतर आठेक दिवसांनी मी शेडपाशी गेलो. धाडस वगैरे काही नव्हतं. ऑफिसातून येताना गेटवर एक जण बिडी ओढत उभा होता, त्याला विचारलं, हल्ली ढोलक ऐकू येत नाही. तो आधी घाबरला. त्याला वाटलं मी तक्रार करायला आलोय. मग म्हणाला, ठेकेदारानं काढून घेतला.

तो बिहारमधल्या सिवानचा. त्या रात्री काय गात होता विचारलं, तर त्यानं ओळी नाही म्हटल्या, अर्थ सांगितला. बायको रेल्वेला शिव्या देतेय, कारण रेल्वे तिच्या नवऱ्याला घेऊन गेली.

मी तिथे उभ्या उभ्या गप्प झालो. कारण आमची आजी जात्यावर जे म्हणायची त्यात रेल्वे नव्हती, बोट होती. आजोबांच्या काळी कोकणातून मुंबईला येण्याचा मोठा रस्ता समुद्राचा, भाऊच्या धक्क्याला लागणारा. आजी त्या आगबोटीला शिव्या घालायची. पोटात घेऊन गेलीस, परत कधी टाकशील, अशा अर्थाचं काहीतरी. वाहन बदललं, बाई तीच.

हा माझा भावुकपणा नाही, हा या कलेचा इतिहासच आहे. गावात मागे राहिलेल्या बायकांच्या ओव्यांमध्ये मुंबई किती वेळा येते ते बघा. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही आज ऑनलाइन ऐकता येतात. भोजपुरीत भिखारी ठाकूरांनी 'बिदेसिया' लिहिलं, त्यात नवरा कलकत्त्याला गेलेला आहे आणि घरी बाई वाट बघतेय. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीनं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला घोषणेपेक्षा जास्त दिलं, कारण त्यांनी राजकीय मागणीला मुंबईत एकट्या पडलेल्या नवऱ्याचा आवाज दिला.

गोव्याचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. गोयंकार मुंबईत आले आणि गावागावांच्या 'कुडी'त राहिले. कूड म्हणजे त्यांची गावकीची खोलीच म्हणा. तिथेही ट्रंका, वर्गणी, गावच्या सायबिणीची तसबीर. कोकणी रंगभूमीचा सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे तियात्र, आणि त्याचा पहिला प्रयोग गोव्यात झालेला नाही. तो १७ एप्रिल १८९२ला मुंबईत झाला. गोव्याची 'अस्सल' ओळख मानली जाणारी गोष्ट गोवा सोडून आलेल्यांनी परक्या शहरात जन्माला घातली.

आणि मालवणी? १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी रंगमंचावर आणलं. त्याआधी मालवणी ही मराठी नाटकात गड्याच्या, हसण्यावारी न्यायच्या पात्राच्या तोंडची बोली होती. तिला मुख्य नाटकाची भाषा करण्याची हिंमत आणि त्यासाठी लागणारा प्रेक्षक, दोन्ही मुंबईतल्या चाकरमान्यांनी पुरवलं.

म्हणजे गोष्ट सरळ आहे. घर सोडलेली माणसं एका वस्तीत दाटीनं राहतात, त्यांना बसायला चार हात जागा मिळते, आणि ती गायला लागतात. आधी गावासाठी गातात, मग एकमेकांसाठी, मग शहरासाठी. दोन पिढ्यांनी शहर म्हणतं, ही आमची संस्कृती.

या साखळीतली पहिली कडी आज शेजारच्या प्लॉटवर आहे, आणि आपण फोन करून तिचा ढोलक काढून घेतला.

'पण ते वेगळे होते'

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण अर्धे माझ्याच घरात ऐकलेत.

पहिला: ते मराठी होते, हे परप्रांतीय आहेत. यांनी आधी मराठी शिकावं.

शिकावं, जरूर शिकावं. मी मराठी शाळेत शिकलोय. बँकेत मराठीत बोलणारा माणूस मिळायला हवा, ही मागणी मी दर महिन्याला काउंटरवर करतो. पण कामाची भाषा आणि विरहाची भाषा यांत फरक असतो. बायकोची आठवण आल्यावर माणूस राजभाषेत रडत नाही. आणि हा नियम आपण स्वतःला कुठे लावतो? अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं. तिथे नाटकं होतात, गणपतीला ढोल-ताशा वाजतो, त्याचे व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर 'सातासमुद्रापार मराठी बाणा' म्हणून येतात. माझा मामेभाऊ तिकडे ढोलपथकात आहे आणि मला त्याचं कौतुकच आहे. पण त्याच्या शेजाऱ्यानं 'आधी इंग्लिशमध्ये वाजवा' म्हटलं तर आपण त्याला काय म्हणू? वर्णद्वेषी. मग चौदाव्या मजल्यावरच्या काकांना काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा: हल्लीची भोजपुरी गाणी अश्लील असतात.

काही असतात, अगदी गलिच्छ असतात. त्यांवर बोलायला हवं, आणि भोजपुरी बोलणारे लोक स्वतःच बोलतायत. पण आपण कोणत्या तोंडानं शिकवणार? स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती, कारण दिलं होतं अश्लीलतेचं. तोच तमाशा आज लोककला म्हणून सरकारी पुरस्कार घेतो. लालबागचं हनुमान थिएटर तमाशाचं हक्काचं घर होतं, तिथे पाळी सुटलेला कामगार फडाला जायचा, आणि पांढरपेशी मुंबई नाक मुरडायची. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा उचलला, गणातला देव बाजूला केला, वगात जमीनदार आणि मालक आणला आणि त्याचं लोकनाट्य केलं. हे करता आलं कारण फड जिवंत होता, तिकीट काढणारा प्रेक्षक होता. ज्या कलेला श्वास घ्यायला जागा उरते तिच्यातूनच तिला सुधारणारा माणूस निघतो. ढोलक काढून घेतल्यावर माणसाकडे उरतो फक्त फोन, आणि फोनवर सगळ्यात वर काय येतं, हे मी अल्गोरिदमच्या धंद्यातला माणूस तुम्हाला सांगायला नको. अश्लील गाण्यांची तक्रार करायची आणि शेडमधलं बिरहा-चैता बंद पाडायचं, हा उफराटा न्याय आहे.

तिसरा: आवाजाचा त्रास होतो, नियम आहेत.

आहेत. रात्री दहानंतर बंद. तेव्हा पावणेनऊ वाजले होते. गणपतीच्या दहा दिवसांत आपल्या गेटसमोर किती डेसिबल असतात, यावर त्या ग्रुपवर कधी एक अक्षर आलेलं मला आठवत नाही. मीही लिहिलेलं नाही, कारण मीही नाचत असतो. आपल्याला आवाजाची अडचण नाहीये, आवाज कोणाचा आहे याची आहे.

चौथा आक्षेप माझा मलाच आहे, आणि तो खरा आहे: चाळीतलं जगणं गोड करून सांगू नकोस.

बरोबर. बीडीडी चाळीतली खोली साधारण एकशे साठ चौरस फुटांची. सामायिक संडास, सकाळची रांग. त्या खोलीतल्या गाण्याच्या मैफलीला चहा कोण करत होतं, हे त्या सुतळीच्या वहीत लिहिलेलं नाही. शेकडो पुरुषांची पोटं भरणाऱ्या खानावळी बायका चालवायच्या. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांच्या राबण्याला संघटनेचं नाव मिळालं. आणि जात तर गिरणीच्या आत होती. विणकाम खात्यात पगार जास्त, पण शटलमधला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. म्हणून बाबूराव बागूल आणि नामदेव ढसाळ यांनी याच शहरातल्या वस्त्यांतून जे लिहिलं त्यात गावाची गोड आठवण नाही. ज्या गावानं वेशीबाहेर ठेवलं त्याचा विरह कसला? त्यांनी शहरालाच जाब विचारला.

हे सगळं मान्य. मला संडासाची रांग परत नकोय. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चाळ वाईट होती, म्हणून आपण काय पाडलं आणि काय ठेवलं? दाटी ठेवली. पुनर्वसनाच्या टॉवरमध्ये ती आता उभी रचलेली आहे. भेदभावही ठेवला, दोन गेटं करून. पाडली ती फक्त गॅलरी, जिना, ओटा, मैदान आणि मंडळाची खोली. म्हणजे नेमकं जिथे बसून माणसं गायची, तेवढंच.

चिमणी लॉबीत, कामगार बाहेर

हे आपोआप घडलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, आणि गिरण्या एकेक करून थंड पडल्या. माझे आजोबा तेव्हा पन्नाशीचे होते. नंतर ते पहाटे दादरला जाऊन भाजी आणायचे आणि चाळीखाली विकायचे. जाखडीची वही त्या वर्षानंतर कोरी आहे.

१९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमानं असं ठरवलं, की गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन भाग करायचे. एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली त्यात बदल झाला: ही वाटणी अख्ख्या जमिनीची नाही, फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची. गिरणीची इमारत उभी असलेली जमीन वाटणीतून सुटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ साली तो बदल कायम राहिला. एका वाक्यातला एक शब्द बदलला आणि शेकडो एकरांचा अर्थ बदलला. मी कोड लिहून पोट भरतो. एका कंडिशननं काय होतं, ते मला नीट कळतं.

पुढचं तुम्ही बघताच आहात. जयंत पवारांनी संपानंतरच्या घराची वाताहत 'अधांतर' नाटकात मांडली. त्यांच्या कथासंग्रहाच्या नावातच फिनिक्सची राख आहे. ती फिनिक्स मिल आज मॉल आहे. परळचं दामोदर नाट्यगृह, जिथे कामगार रंगभूमीच्या पिढ्या घडल्या, २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं. कलाकारांनी आंदोलनं केली, आपण पोस्ट शेअर केल्या.

आणि मी? मी लोअर परळला गिरणीच्याच आवारात उभ्या राहिलेल्या ऑफिसात काम करतो. लॉबीत एक जुना माग पॉलिश करून ठेवलाय, वरून पिवळा दिवा. बाजूला पितळी पाटी. पाहुणे त्याच्यासमोर सेल्फी काढतात. मीही काढलाय आणि पप्पांना पाठवलाय. पप्पांनी उत्तर दिलं, 'ह्याला हात लावू देतात का?' नाही देत. दोरी लावलीय.

वारशाबद्दल आपलं धोरण ते हेच. मागाला दिवा, मागवाल्याला दोरी. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले, सोडती निघाल्या, घरं मिळाली ती त्यातल्या थोड्यांना. अण्णाभाऊंचा पुतळा, अमर शेखांचा रस्ता, गिरणीचं संग्रहालय, सगळं करायला आपण तयार. पण ज्या व्यवस्थेतून ती गाणी निघाली ती आपण बंद केली. सर्व्हर उखडून टाकायचा आणि स्क्रीनशॉट फ्रेम करून लावायचा, असा हा प्रकार आहे.

मग मागणी काय?

रागावून लेख संपवणं सोपं असतं. म्हणून सांगतो की जुलैत सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली, तेव्हा मी एक विषय मांडला. आपल्याकडे पोडियमवर एक हॉल आहे. वर्षातून पाच-सहा बारशी आणि एक हळदीकुंकू सोडलं तर तो बंद असतो. माझं म्हणणं होतं, रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ तो उघडा ठेवा. पहिल्या रविवारी आपल्याच म्हाताऱ्यांच्या भजनी मंडळासाठी. त्यांचे टाळ गॅलरी गेल्यापासून कपाटात आहेत, कारण फ्लॅटमध्ये वाजवले की खालचा मजला बेल दाबतो. दुसऱ्या रविवारी सोसायटीचे वॉचमन, सफाईवाल्या, शेजारच्या साइटवरचे कामगार, ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी. ढोलक मी आणतो म्हटलं.

बरीच चर्चा झाली. सिक्युरिटीचं काय, टाइल्सचं काय, उद्या ते हक्क सांगतील. 'उद्या हक्क सांगतील' हे वाक्य ज्या काकांनी म्हटलं, त्यांच्या वडिलांनी भाडेकरू म्हणून हक्क सांगितला म्हणूनच आज काकांचा फ्लॅट आहे. हे मी बोललो नाही, बोलायला हवं होतं.

हात वर झाले ते सहा. त्यातला एक माझा, एक पप्पांचा. उरलेल्या चारांत तिघी सत्तरीच्या आज्या होत्या. एकीनं नंतर लिफ्टमध्ये विचारलं, 'बाळा, आम्हाला पण गाऊ देणार होतास ना? आम्ही बायका. भजनात बाप्येच बसायचे.' माझ्या प्रस्तावात मी तिचा विचारच केला नव्हता. आता केलाय.

विषय पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे, आणि माझी मागणी तीच आहे. मला स्मारक नकोय, महोत्सव नकोय, 'गिरणगाव फूड वॉक' तर नकोच नको. आठवड्यातून तीन तास, एक खोली, दोन ट्यूबलाइट आणि कोणी फोन करणार नाही याची खात्री. शंभर वर्षांपूर्वी यापेक्षा जास्त काही नव्हतं आणि तेवढ्यावर या शहराला त्याची गाणी मिळाली.

तुम्ही हे फोनवर वाचताय, बहुधा कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत. हिंजवडीत, वाकडला, ठाण्याला, बंगळुरूला. तुम्ही पण गाव सोडूनच आलाय, फक्त तुमच्या ऑफर लेटरवर तसं लिहिलेलं नाही. तुमच्या सोसायटीतही असा एक कुलूपबंद हॉल असेल. त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढं तरी विचारून या.

शेजारच्या टॉवरचा अठरावा स्लॅब परवा पडला. सिवानवाला अजून आहे. त्याचा ढोलक ठेकेदाराच्या केबिनमध्ये, कपाटावर ठेवलाय म्हणे.